तांबूच्या गळ्यातले लोढणे

माझ्या अंगावर दातांच्या इतक्या खुणा आहेत, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावे, हे लाकूड कुणीतरी खायला घेतले आणि कंटाळून टाकून दिले. मित्रांनो, मी एक जुने लोढणे आहे. ओढाळ जनावराच्या गळ्यात दोरीने जो ओंडका बांधतात, तो मी. जनावर सावकाश चालले तर मी मुकाट लोंबकळते. ते धावू लागले, की त्याच्या पुढच्या गुडघ्यांवर आपटते. चार-दोन फटके बसले, की जनावर आपोआप शहाणे होते. एवढेच माझे काम. नको असलेल्या माणसाला तुम्ही 'गळ्यातले लोढणे' म्हणता, तेही मी ऐकून आहे. मला आजवर कुणी हौसेने गळ्यात घातले नाही, तेव्हा तुमचे बोलणे मी मनावर घेत नाही.

आमचा गाव धसईच्या बाजारापासून दोन कोस आत, सिद्धगडाच्या रानाला टेकलेला. गावात मारुतीचे देऊळ आहे. देवळापुढे कीर्तनासाठी मांडव उभारायचे ठरले, तेव्हा रानातून ऐनाचे एक झाड आणले. सुताराने त्याचे खांब केले. शेवटच्या खांबाला बुंध्याकडचा दीड हात तुकडा जास्त झाला, तो त्याने कापून मागे भिरकावला. तो तुकडा मी. माझा सख्खा भाऊ देवापुढे उभा राहिला. त्याच्या अंगाला बुक्का लागे, बुवा त्याला पाठ टेकून वीणा लावत, टाळांचा नाद त्याच्या गाभ्यात मुरे. मी देवळामागच्या चिखलात. पण त्या वर्षीचे सात दिवसांचे कीर्तन मीही तिथूनच ऐकले बरे का. लाकडाला कान नसतात म्हणतात. नसू देत. मृदंगावर थाप पडली, की ती जमिनीतून येऊन माझ्या अंगात वाजत असे. देवाच्या दारातला चिखलही भाग्याचा, असे तेव्हा मला वाटले होते.

चिखलातून मला उचलले ते धर्माबाबांनी. गावात भांडण झाले, की लोक ज्यांच्या ओटीवर जात, ते हे धर्माबाबा. न्याय दुसऱ्यांना देत, पण त्यांचा स्वतःचाच बैल पाखऱ्या भारी ओढाळ. तो सगळ्या गावाच्या भातात शिरे आणि लोक तोंडावर काही बोलत नसत. धर्माबाबांना ते कळत होते. त्यांनी मला तासले, एका टोकाला भोक पाडले आणि आधी स्वतःच्या बैलाच्या गळ्यात बांधले. त्या वर्षी कुणाच्या भातात पाखऱ्याचे पाऊल पडले नाही. बायका पाणवठ्यावर माझे नाव काढत. तो माझ्या कौतुकाचा काळ. मग बैल थकला, माझी गरज संपली आणि मला गोठ्यातल्या खुंटीला अडकवून ठेवले. तिथे मी तीन वर्षे होते. कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली, कुणी एकदाही पुसले नाही.

एकोणीसशे अडतीस साली मला खाली उतरवले ते एका वैराने. ते ऐका आता.

गावाच्या टोकाला दोन घरे होती. मध्ये एक कुडाचे कुंपण, तेही वाळवीने खाल्लेले. एका घरात धोंडीबाई राहत असे. तिचा नवरा जाऊन दहा वर्षे झाली होती आणि तिला एकुलती एक लेक, पारू. पारूला आटगावकडे दिली होती. पहिल्या वेळेला पारूला मुलगा झाला, पण ती हिवतापाने अशी वाळली होती, की तिच्या अंगावर दूधच आले नाही. पोर आठव्या दिवशी गेले. आता तिला पुन्हा दिवस राहिले होते. गावातली सुईण भागी हिने धोंडीबाईला बजावले होते, की या खेपेला लेकीला माहेरी आण आणि बाळंत झाली, की रोज नाही तरी एक दिवसाआड तिला कोंबडीचा रस्सा पाज. दूध आले तर पोर जगेल. धोंडीबाईने दिवाळीलाच सात तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, धरून ठेवल्या. तिच्या लेखी त्या कोंबड्या नव्हत्याच. ते पारूचे दूध होते, पायांच्या सात जोड्यांवर अंगणभर फिरणारे.

कुंपणापलीकडे नवशा आणि त्याची बायको भिमी. त्यांचा कुत्रा तांबू, नावाप्रमाणे तांबडा, एक कान चिरलेला. नवशाचे शेत रानाच्या कडेला. तिथे रानडुकरे येत. तांबूने डुकरे हाकलली म्हणून दोन वर्षे त्या घरात नाचणी आली होती. नवशा त्या कुत्र्याला भावासारखा वागवी. एकदा शेतावर देवाला कोंबडा दिला, तेव्हा त्याची मुंडी त्याने लाडाने तांबूपुढे टाकली. रक्ताची चव लागली ती त्या दिवशी. टाकणाऱ्याला वाटले, आपण माया केली.

माघात पहिली तलंग गेली. धोंडीबाई कुंपणापाशी जाऊन ओरडली, तर नवशाने ऐकवले, "कुत्रं हाय ते. त्याला काय तुझी कोंबडी नि रानकोंबडी निराळी कळते?"

दुसरी गेली, तेव्हा तिने मेलेल्या कोंबडीच्या पोटात मूठभर तिखट भरले आणि ती कुंपणाशी ठेवली. तांबू आला, लांबूनच हुंगून निघून गेला. दुसऱ्या दिवशी धोंडीबाईचे स्वतःचे मांजर शिंकत शिंकत गावभर फिरत होते. भिमी हसली. ते हसणे धोंडीबाईने ऐकले. त्या दिवसापासून दोघी एका पाणवठ्यावर एका वेळी जायच्या बंद झाल्या.

कुणी म्हणाले, कोंबड्या दिवसाही खुराड्यात कोंड. ती म्हणाली, कोंबडीने उकिरडा उकरला नाही तर तिच्या अंगावर मांस कुठून चढणार? त्यात काय खोटे होते?

तिसरी गेली, त्या सकाळी धोंडीबाईने मेलेली कोंबडी पायांना धरली आणि तशीच जाऊन धर्माबाबांच्या ओटीवर ठेवली. चार माणसे जमली. ती म्हणाली, कुत्रा मारा, नाहीतर रानात नेऊन सोडा. नवशा म्हणाला, तांबू गेला तर डुकरे माझे शेत खातील, मग मी माती खाऊ का? बोलाचाली वाढली. नवशाने तिला 'कोंबड्यांची सासू' म्हटले. तिने त्याला 'कुत्र्याचा भाऊ' म्हटले, आणि जमलेली माणसे हसू दाबत राहिली, कारण ते खरेच होते.

धर्माबाबा उठून गोठ्यात गेले आणि मला घेऊन बाहेर आले. बैलाचे लोढणे कुत्र्याला जड होईल, म्हणून त्यांनी मला मधोमध कापले. उरलेला अर्धा चुलीत गेला. मला नवे भोक पाडले आणि माप घेतले, ते असे: कुत्रा उभा असताना लोढणे त्याच्या गुडघ्याच्या दोन बोटे खाली लोंबले पाहिजे. चालताना नुसते लागावे, धावताना बसावे. त्याहून आखूड बांधले तर ते नुसता दागिना, असे ते म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हाताने गाठ मारली आणि दोघांना घरी पाठवले.

मित्रांनो, तांबूचा नि माझा संसार असा सुरू झाला. त्याच्या गळ्याला पिसवा होत्या, कुजक्या मांसाचा वास होता आणि तो मला पहिल्या घटकेपासून चावू लागला. मीही त्याला सोडले नाही. अंगणात तो झेपावला, की मी त्याच्या गुडघ्यावर बसलेच. तो विव्हळला, की मला बरे वाटे. होय, बरे वाटे. वैर असेच असते. त्यात आपण कधी पडलो, ते लाकडालाही कळत नाही.

पण तिसऱ्या दिवशी नवशाने कुत्र्याला जवळ बोलावले, मला वर उचलले आणि दोरीचे दोन वेढे त्याच्या गळ्याभोवती जास्त दिले. मी आता थेट हनुवटीखाली आले. तांबूने मान झटकली, पाच-सहा उड्या मारल्या. मी कशालाच लागले नाही. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. नवशाला वाईट करायचे नव्हते. आदल्या रात्री शेताकडे डुकरे आली होती आणि कुत्रा त्यांच्यामागे धावताना पडला होता. नवशाला आपले शेत दिसत होते. कुंपणापलीकडचे अंगण दिसत नव्हते. गावाला मात्र लांबून कुत्र्याच्या गळ्यात लोढणे दिसत होते आणि गाव समाधानात होता. इतकी लाज मला खुंटीवरही वाटली नव्हती.

फाल्गुनात पारू माहेरी आली. त्याच महिन्यात तांबूने आणखी दोन तलंगा मारल्या, मी गळ्यात असताना. दुसऱ्या कोंबडीचे रक्त माझ्यावर उडाले, ते आजही त्या दाताच्या खुणांत काळे होऊन बसले आहे.

धोंडीबाई धावत आली, ती थेट कुंपणातून. कुडाच्या काठ्या मोडून ती नवशाच्या अंगणात उभी राहिली. तिने तांबूच्या गळ्याकडे पाहिले आणि तिला सगळे कळले.

"नवशा, कुत्र्याला ताईत बांधलास का रे?"

"दोरी सैल व्हायची, म्हणून येढा दिला."

"एक येढा सैल दोरीचा. दुसरा कसला? माझ्या पारूच्या गळ्याभोवतीचा?"

नवशा म्हणाला, लोढणे गळ्यात आहे ना, मग झाले. धर्माबाबांनी ते बांधले, मी काही काढले नाही. धोंडीबाई मागे वळली. ती ओरडली असती तर नवशाला सोपे गेले असते. जाताना ती एवढेच म्हणाली, की यापुढे मी दोरीला हात लावणार नाही, भाकरीला लावीन. भिमीला त्याचा अर्थ कळला आणि त्या दिवसापासून ती तांबूला बाहेरचे काही खाऊ देईना.

आता दोनच तलंगा उरल्या होत्या, आणि चैत्र लागला.

चैत्रात आमच्या देवळात सप्ताह बसतो. हनुमान जयंतीला सकाळी काल्याचे कीर्तन होते आणि सप्ताह उठतो. त्या वर्षी बुवा कल्याणकडून आले होते. आवाज असा, की बांधावरची माणसे नांगर ठेवून उभी राहत. धोंडीबाई म्हणजे कीर्तनाची वेडी. मांडवात पहिल्या ओळीत जागा तिची, गजरात सगळ्यात वरचा सूर तिचा, आणि बुवा कुठे विसरले तर पुढचा चरण देणारीही तीच. पण त्या वर्षी ती सहा दिवस गेली नाही. हातात काठी घेऊन अंगणात बसून राहिली. टाळांचा आवाज आला, की तिचे ओठ हलत आणि नजर कुंपणावर असे. तांबूने तिच्या पाच कोंबड्या खाल्ल्या, त्याचा राग होताच. पण त्याने तिचे कीर्तनही खाल्ले, हे दुःख तिला कुणापाशी बोलता येईना. देवाचे नाव आणि कुत्र्यावरची पाळत, दोन्ही एका तोंडात कसे मावणार?

पाचव्या दिवशी, ऊन कलल्यावर, नवशा आणि भिमी देवळात होते. तांबू त्यांच्या दाराशी खुंट्याला बांधलेला होता. धोंडीबाई कुंपणाच्या मोडक्या जागेतून आत आली. तिच्या हातात भाकरी होती. भाकरीत काजऱ्याच्या बिया कुटून घातल्या होत्या, ते मला वासावरून समजले. रानातल्या लाकडाला रानातले विष ओळखू येते. तांबू शेपूट हलवू लागला. मला वाटले, आता सुटलो आपण दोघेही. तो गेला की माझा वनवास संपेल. भाकरी त्याच्या नाकापासून वीतभर राहिली आणि देवळात गजर सुरू झाला. धोंडीबाईचे ओठ सवयीने हलले. नाम तोंडात आले होते आणि हातात ते. ती तशीच उभी राहिली. मग तिने भाकरी पदरात घेतली, परत गेली, आणि तिच्या चुलीचा धूर बराच वेळ काळा येत राहिला. तिने तांबूला माफ केले, असे समजू नका. जाताना तिने त्याच्या अंगावर खडा मारला आणि तो मला लागला.

काल्याच्या सकाळी पारू आईला म्हणाली, आज तरी जा. मी ओट्यावर बसते, दोन कोंबड्या राखायला काय लागते? पारूचे दिवस भरत आले होते, पण भागीने अजून चार-सहा दिवस सांगितले होते. धोंडीबाई नको नको म्हणत गेली.

देवळापाशी आली, तर तांबू पायरीपाशी पाय पसरून झोपलेला. नवशाने प्रसादाच्या आशेने त्याला मोकळाच सोबत आणला होता. धोंडीबाईचा जीव भांड्यात पडला. कुत्रा डोळ्यांसमोर आहे, म्हणजे घर निर्धास्त. ती मुद्दाम अशा जागी बसली, की खांबाच्या बाजूने तांबूचे शेपूट दिसावे. भिमी तिच्यापासून दोनच बायका सोडून बसली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिले नाही.

बुवांनी काला लावला. गोकुळातले गडी आपापली शिदोरी घेऊन येतात, कुणाची दहीभाताची, कुणाची शिळ्या भाकरीची, आणि देव सगळ्या एकत्र कालवतो. कुणाचे काय, ते उरतच नाही. बुवा एकेका गड्याची शिदोरी सोडून दाखवू लागले. मृदंग चढला. माझा भाऊ थरथरत होता, ते पायरीच्या दगडातून मला कळत होते. सहा दिवसांची उपाशी धोंडीबाई रंगली. डोळे मिटले, हात वर गेले, आणि ती तांबूचे शेपूट विसरली. त्यात तिचा काय दोष, मित्रांनो? देवाच्या दारात तरी माणसाने डोळे मिटायचे नाहीत का?

तांबूला मात्र गर्दीत कुणाचा तरी पाय लागला. तो उठला आणि घरी निघाला. गावात चिटपाखरू नव्हते. दोन तलंगा उकिरड्यावर होत्या.

पारूने त्याला पाहिले तेव्हा एक त्याच्या तोंडात होती. ती ओट्यावरून उतरली, पोट सावरत धावली आणि तिने मला धरले. दोन्ही हातांनी, घट्ट. मित्रांनो, मी मापाने बांधलेले असते, तर दोरी हातभर लांब असती आणि तिने त्याला दुरून खेचला असता. मी होते त्याच्या हनुवटीखाली. तिचा हात त्याच्या जबड्याला भिडला. त्याने कोंबडी सोडली नाही, पण अंगाला असा हिसका दिला, की पारू उकिरड्याच्या दगडांवर कोसळली. तिच्या हातातून मी सुटले. ती ओरडली, पण ऐकायला कोण होते? सगळा गाव काल्यात.

त्या वेळी भिमी घरी येत होती. आमच्याकडे कीर्तन संपले, की सगळ्यांनी एकमेकांच्या पाया पडायची रीत आहे. लहान-मोठे, सोयरे-वैरी, कुणी सुटत नाही. धोंडीबाईच्या पायाला हात लावावा लागेल म्हणून भिमी कीर्तन अर्ध्यावर असतानाच उठली होती. वैराने तिला कीर्तनातून उठवले आणि वैऱ्याच्याच अंगणात वेळेवर आणून सोडले. तिने तांबूला लाकूड हाणले, पारूला उचलून आत नेले आणि दार लावून घेतले. चार बाळंतपणे तिने स्वतः सोसली होती. तांबू कोंबडी घेऊन नवशाच्या गाडीखाली शिरला. त्याच्या दातांखाली हाडे मोडत होती आणि मी त्याच्या गळ्याशी, ऐकत. आतून पारूचा आवाज येत होता. देवळाकडून मृदंग. मी देवाला हाक मारली. लाकडाची हाक कशी असते, ते मला विचारू नका.

लोक परतले, तेव्हा धोंडीबाईच्या हातात पळसाच्या पानावर काला होता, पारूसाठी आणलेला. अंगणात पिसे उडत होती. ती पिसे पाहून तिने मागून येणाऱ्या नवशाला गाठले आणि जे तोंडाला येईल ते बोलू लागली. त्याचे खानदान, त्याचे शेत, त्याचा कुत्रा, काही सोडले नाही. नवशाही बोलू लागला. तेवढ्यात दार उघडले. भिमी उंबऱ्यात उभी होती. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते.

"आत जा गो," ती म्हणाली. "पोर आलीय. शिव्या मंग दे."

धोंडीबाईच्या हातातला काला खाली पडला. ती आत गेली.

नवशा अंगणात उभा राहिला. मग गाडीखाली वाकून त्याने तांबूला बाहेर ओढले, आणि कुणी सांगितले नसताना, दोरीचे दोन्ही वेढे सोडले. स्वतःच्या बोटांनी माप घेतले. दोन बोटे गुडघ्याखाली. तांबूने त्याचा हात चाटला, तेव्हा नवशाने हात मागे घेतला. इतक्या वर्षांत असे पहिल्यांदाच झाले.

मुलगी होती. जिवंत होती, पण एवढीशी. पारूच्या अंगावर दूध नव्हते. उरलेली एक तलंग धोंडीबाईने त्याच दिवशी शिजवली. तिचा रस्सा दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी पारूला ताप आला. भागीने सांगितले, आता खंड पडू देऊ नका. धोंडीबाईने धसईच्या बाजाराला निघायचे म्हटले, पण तापलेल्या लेकीला आणि तीन दिवसांच्या पोरीला कुणाजवळ ठेवणार?

त्या दुपारी नवशा धसईहून आला. डालग्यात चार कोंबड्या होत्या. मोडक्या कुंपणाच्या जागी त्याने डालगे ठेवले आणि धोंडीबाईला हाक मारली नाही, कारण ती ओट्यावरच होती.

"उचल ते," धोंडीबाई म्हणाली. "तुझ्या हातची कोंबडी माझ्या चुलीवर चढायची नाय. आज घेतली, की उद्या तू म्हनशील, झाली भरपाई."

नवशा म्हणाला, भरपाई नाही म्हणत, पोरीसाठी आणल्या. ती म्हणाली, पोरीचे नाव तुझ्या तोंडून नको. पाच वेळा मी ओरडले तेव्हा पोर कुठे होती तुझ्या मनात? नवशा निघून गेला. डालगे तिथेच राहिले. कोंबड्या आत कलकलत होत्या. भिमीने कुंपणावरून मूठभर तांदळाच्या कण्या टाकल्या. तांबू लांबून पाहत होता. एकदा तो उठला आणि धावायला गेला, तसा मी त्याच्या गुडघ्यावर बसले. तो खाली बसला. मला या वेळी बरे वाटले नाही. माझे सगळे लक्ष त्या दाराकडे होते.

आत पोर रडत होती. पोटभर प्यालेल्या पोराचे रडणे वेगळे असते, मित्रांनो, आणि हे वेगळे होते. धागा ताणून तुटेल असे. धोंडीबाई ओट्यावर बसून ते ऐकत होती, जप करत होती आणि डालग्याकडे पाहत नव्हती. ऊन ओट्यावरून भिंतीवर गेले. मग पारू दाराशी आली. भिंत धरून, एका हातात पोर.

"आये," ती म्हणाली, "वैर तुजं हाय. भूक माज्या पोरीची हाय."

धोंडीबाईने जप थांबवला. मग ती उठली, कुंपणापर्यंत गेली, डालग्याचे तोंड उघडले आणि पहिली हाताला लागली ती कोंबडी पायांना धरून बाहेर काढली. पलीकडे भिमी उभी होती. धोंडीबाई तिच्याकडे न बघता म्हणाली, "कुत्रं बांधून ठेव." एवढेच. आभार नाहीत, गळाभेट नाही. त्या वर्षात ती नवशाशी पुन्हा बोलली नाही. पण चारही कोंबड्या चुलीवर चढल्या, आणि पाचव्या दिवशी ते धाग्यासारखे रडणे थांबले. पोर प्याली आणि झोपली.

तांबू त्यानंतर सहा वर्षे जगला. मी त्याच्या गळ्यातच होते, शेवटपर्यंत मापात. फक्त डुकरांच्या दिवसांत नवशा मला सोडून घेई आणि त्या दिवसांत कुत्र्याला स्वतःच्या हाताने दोरीला धरून शेतावर नेई, आणि तसेच परत आणी. तांबूचे नि माझे कधी जमले नाही. तो गेल्यावर मला कुणीतरी गोठ्याच्या कोपऱ्यात टाकले. आता माझा उपयोग कुणालाच नाही. पावसाळ्यात दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला उंबऱ्याशी सरकवतात, बस.

मित्रांनो, जाता जाता एक मागणे मागते. कुत्रा पाळा, मांजर पाळा, देवाने दिलेले जीव आहेत, त्यांना पोटाशी धरा. पण जो दात तुम्ही पोसला, तो रात्रंदिवस कुठे जातो, तेही तुम्हीच पाहा. शेजारीण कुंपणाशी येऊन ओरडली, तर हसू नका, आणि कोंबडीच ना, असे म्हणू नका. ती कोंबडी कुणाच्या ताटातली होती, एवढे तिला विचारा. हे विचारणारी माणसे ज्या गावात असतील, तिथे माझ्यासारखे लोढणे कुणाला तासावे लागणार नाही. तिथला ऐन रानातच उभा राहो.